लॉटरी लागली, आता पैसे हातात कसे येतात? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे लागत असेल तर तिथे क्रमांक दिलाय. तिकीट घ्यावं की नाही, यावर इथे काही नाही. लागलेल्या तिकिटाचे पैसे खात्यात येईपर्यंत आणि त्यानंतर काय होतं, एवढंच आहे.

१. नंबर लागलाय असं दिसतंय. सगळ्यात आधी काय करू?

पेढे नंतर वाटा. आधी सरकारी निकालपत्र काढा आणि तीन गोष्टी जुळवा: सोडतीची तारीख, मालिका (क्रमांकाआधीची अक्षरं) आणि क्रमांक. घोळ बहुतेक वेळा मालिकेत होतो. क्रमांक तोच असतो, पण पहिलं बक्षीस दुसऱ्या मालिकेला लागलेलं असतं. केरळसारख्या राज्यांत अशा तिकिटाला उत्तेजनार्थ छोटं बक्षीस मिळतं, कोटी मिळत नाहीत.

तिन्ही जुळलं की तिकिटाच्या मागे शाईच्या पेनाने स्वतःचं नाव, पत्ता आणि सही करा. त्याआधी ते तिकीट ज्याच्या हातात असेल त्याचंच, अशी परिस्थिती असते. मग दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. झेरॉक्स काढताना तिकीट दुकानदाराच्या हाती सोडू नका. लॅमिनेशन करू नका. स्टेटसला फोटो टाकू नका. यातलं शेवटचं फार जणांना जमत नाही.

२. जिथून तिकीट घेतलं तो टपरीवालाच पैसे देईल का?

छोटं बक्षीस असेल तर हो. महाराष्ट्र राज्य लॉटरीत १० हजार रुपयांपर्यंतची बक्षिसं विक्रेत्याकडून मिळतात. केरळमध्ये ही हद्द ५ हजारांची आहे. त्यावरच्या रकमेसाठी सरकारी कार्यालयातच दावा करावा लागतो. 'आण इकडे तिकीट, मी मुंबईहून करून आणतो' असं विक्रेता म्हणाला तर त्याचे आभार माना आणि तिकीट स्वतःजवळ ठेवा.

३. मोठ्या बक्षिसासाठी कुठं जायचं? कलेक्टर ऑफिसला चालतं का?

चालत नाही. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाचा याच्याशी संबंध नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून राज्य सरकार चालवतं, ती वित्त विभागाच्या अखत्यारीत येते आणि मोठ्या बक्षिसांचे दावे नवी मुंबईत वाशीच्या कार्यालयात होतात. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरच्या लोकांना देवगिरी एक्स्प्रेस सोयीची आहे. ठाण्याहून वाशीला थेट लोकल मिळते.

तिकीट पोस्टाने पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्यावं, असं माझं मत आहे. गाडीभाडं लाखांच्या पुढे काहीच नाही. देताना पोच घ्या. पोचवर तिकिटाची मालिका, क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का हवा. तिथेच वाचून बघा, घरी आल्यावर नको.

तिकीट दुसऱ्या राज्याचं असेल तर प्र. ११ पाहा.

४. कागदपत्रं कोणती लागतात?

मूळ तिकीट, बक्षीस मागणीचा भरलेला अर्ज, आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, बँक पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक आणि महसूल तिकीट लावून सही केलेली पावती, असा साधारण संच लागतो. निघण्याआधी कार्यालयाला फोन करून यादी पक्की करा.

आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. आधारवर 'सुभाषराव', पॅनवर 'सुभाष', पासबुकावर नुसतीच आद्याक्षरं. बाईच्या आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं. एरवी हे खपून जातं, मोठ्या रकमेला खपत नाही. पॅन आणि आधार जोडलेले नसतील किंवा नावं जुळत नसतील तर ते काम त्याच दिवशी सुरू करा. बाकी कागद तासाभरात जमतात, नावाच्या दुरुस्तीला वेळ लागतो आणि मुदत (प्र. ५) तुमच्यासाठी थांबत नाही.

पॅनच नसेल तर? कर तेवढाच कापला जातो, पण तो तुमच्या नावावर दिसत नाही आणि पुढे हिशेब लावता येत नाही. आधी पॅन काढा.

५. दावा किती दिवसांत करायचा? उशीर झाला तर?

मुदत प्रत्येक राज्याची वेगळी असते आणि ती तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते. केरळची ३० दिवसांची आहे. सोडतीच्या तारखेपासून मोजा. तुम्हाला निकाल कधी कळला, हे कुणी विचारत नाही. मुदतीत मागणी न झालेली रक्कम त्या राज्य सरकारची होते, असं लॉटरी (नियमन) अधिनियम, १९९८ मध्येच लिहिलंय. सबळ कारण असेल तर काही राज्यांत वरिष्ठ अधिकारी थोडा उशीर माफ करतात, पण सोयाबीनची काढणी चालू होती हे कारण तिथे सबळ धरतील या भरवशावर राहू नका.

६. एक कोटी लागले तर हातात किती येतात?

लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर आहे. एका बक्षिसाची रक्कम १० हजारांच्या वर गेली की तो आधीच कापून उरलेले पैसे दिले जातात. आजवर सगळे याला कलम ११५बीबी आणि १९४बी म्हणायचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले, ३० टक्के तेच राहिले.

दुसरं उत्पन्न नाही असं धरून हिशेब बघा.

१० लाखांवर कर ३ लाख आणि त्यावर ४ टक्के उपकर १२ हजार. शेवटी उरतात ६ लाख ८८ हजार.

१ कोटीवर कर ३० लाख. उत्पन्न ५० लाखांच्या वर असल्याने त्या करावर १० टक्के अधिभार, म्हणजे ३ लाख. या ३३ लाखांवर ४ टक्के उपकर, १ लाख ३२ हजार. एकूण ३४ लाख ३२ हजार. शेवटी उरतात ६५ लाख ६८ हजार.

गोम अशी की बक्षीस देताना फक्त ३० लाख कापले जातात. खात्यात ७० लाख येतात आणि माणसाला वाटतं कर भरून झाला. उरलेले ४ लाख ३२ हजार तुम्हाला स्वतः भरायचे असतात. प्र. ८ याच्यावरच आहे.

केरळच्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटींचं. त्यातून आधी १० टक्के एजंटचं कमिशन जातं, उरलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के कर, आणि पेपरात आकडा येतो पावणेसोळा कोटी. नव्या करप्रणालीत २ कोटींच्या वर अधिभार २५ टक्के असतो. म्हणजे त्या पावणेसोळांतून आणखी दोन कोटींच्या वर रक्कम सरकारला जायची असते. ते पेपरात येत नाही.

७. मी शेतकरी आहे, माझं उत्पन्न करमुक्त. मला कर का लागावा?

करमुक्त आहे ते शेतीचं उत्पन्न, शेतकरी नव्हे. लॉटरीच्या रकमेला मूळ करसवलतीची मर्यादाही लागू होत नाही. वर्षभर दुसरा रुपया कमावला नसला तरी बक्षिसावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के. तिकिटांवर आजवर घातलेला पैसाही वजा होत नाही. 'दहा वर्षांत लाखभराची तिकिटं घेतली' हा खर्च आयकर खात्याच्या लेखी खर्चच नाही.

८. ३० टक्के तर कापून घेतले. आता परत नोटीस कशाची?

बहुतेक वेळा अधिभार आणि उपकर न भरल्याची, नाहीतर रिटर्न न भरल्याची. बक्षिसाची रक्कम तुमच्या पॅनखाली २६एएस पत्रकात (कापलेल्या कराच्या यादीत) दिसते, त्यामुळे खात्याला ती माहीत असतेच.

दोन कामं करा. ज्या आर्थिक वर्षात बक्षीस मिळालं त्याच वर्षी ३१ मार्चच्या आत राहिलेला कर आगाऊ कर म्हणून भरा. लॉटरी आधी सांगून लागत नाही हे कायद्यालाही कळतं, म्हणून बक्षिसाआधीचे हप्ते चुकल्याचं व्याज लागत नाही, पण त्यानंतरच्या हप्त्यांत, हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत, भरलेलं असावं लागतं. आणि पुढे रिटर्न भरा. सोपा आयटीआर-१ फॉर्म इथे चालत नाही. बक्षीस देणाऱ्या कार्यालयाकडून टीडीएसचं (आधीच कापलेल्या कराचं) प्रमाणपत्र मागून घ्या.

माझा सल्ला: पैसे आले त्या दिवशीच अधिभार आणि उपकराची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि ती आपली नाहीच असं समजा. प्लॉटचं बयाणं द्यायला लोक तीच रक्कम वापरतात आणि मार्चमध्ये धावपळ करतात.

९. जीएसटी वेगळा भरावा लागतो का?

नाही. तो तिकिटाच्या विक्रीवर असतो (२२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के) आणि बक्षिसातून जात नाही. 'जीएसटी भरा मग रक्कम सोडतो' असं कुणी म्हणालं तर पुढचा प्रश्न वाचा.

१०. व्हॉट्सअ‍ॅपवर '२५ लाखांची केबीसी लॉटरी लागली' असा मेसेज आलाय. खरं आहे का?

खोटं आहे. सगळ्यात जास्त याच प्रश्नाचे मेसेज येतात, आणि बरेच पैसे भरल्यानंतर येतात.

तिकीट घेतलं नसेल तर लॉटरी लागत नाही. मोबाइल नंबरची सोडत, सिमकार्डची सोडत, असं काही कायद्यात नाही. या मेसेजसोबत एखादा रंगीत चेक, अशोकस्तंभ छापलेलं पत्र, बँक मॅनेजरच्या नावाची आवाजी चिठ्ठी असते. नंबर पुष्कळदा +९२ ने सुरू होतो, तो पाकिस्तानचा कोड आहे. आधी आठ-दहा हजार 'प्रोसेसिंग फी', मग 'जीएसटी', मग 'रिझर्व्ह बँकेचा आयकर', मग 'खातं विदेशी चलनात उघडायचं'. प्रत्येक वेळी 'एवढं शेवटचं' म्हणतात. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचा हप्ता भरतो, त्यांचा सगळा धंदा यावरच आहे.

ओळखायला एक खूण पुरे. खऱ्या लॉटरीत कर बक्षिसातून कापतात, विजेत्याकडून आधी मागत नाहीत. अपवाद वस्तूच्या बक्षिसाचा, तो प्र. १९ मध्ये आहे.

परदेशी लॉटरीचंही असंच. 'अमेरिकेच्या लॉटरीत तुमचा ईमेल निवडला गेला' हे खोटं असतंच, शिवाय परदेशी लॉटरीची तिकिटं घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायला विदेशी चलनाच्या नियमांत बंदी आहे. रिझर्व्ह बँकेने याबद्दल अनेकदा सावध केलंय.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मग जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मेसेज डिलीट करू नका.

११. दुसऱ्या राज्याचं तिकीट लागलंय. बाहेरच्या माणसाला पैसे देतात का?

तिकीट रीतसर घेतलेलं आणि हातात असेल तर देतात. २०२५ च्या पंजाब दिवाळी बंपरचं ११ कोटींचं पहिलं बक्षीस राजस्थानातल्या एका भाजीविक्रेत्याला लागलं. तिकीट त्याने बठिंड्यात घेतलं होतं, तेही उसन्या पैशांनी. दावा मात्र त्या राज्याच्या लॉटरी संचालनालयाकडे, त्यांच्या मुदतीत आणि त्यांच्या फॉर्मवर करावा लागतो. काही ठिकाणी राष्ट्रीयीकृत बँकेमार्फतही तिकीट जमा करता येतं. बाहेरच्या राज्यातल्यांना ओळखपत्रांवर नोटरीची सही लागते.

१२. पण मी केरळचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलं. फक्त फोटो आहे.

मग तुमच्याकडे फोटोच आहे. केरळ सरकार आपली तिकिटं ऑनलाइन विकत नाही आणि राज्याबाहेरही विकत नाही. देगलूर, उदगीर, उमरगा भागातून हा प्रश्न फार येतो. शेजारच्या तेलंगणात आणि कर्नाटकात लॉटरी बंद, म्हणून फोनवरचे 'एजंट' दोन्हीकडे गिऱ्हाईक शोधतात. एकच फोटो ते किती जणांना पाठवतात, ते तुम्हाला कळणार नाही. मूळ कागदाशिवाय कुठलंही सरकार पैसे देत नाही.

१३. तिकीट शर्टाच्या खिशात राहून धुतल्या गेलं. आता?

वाळवा, पण इस्त्री फिरवू नका. तुकडे असतील तर सगळे एका पाकिटात ठेवा, चिकटपट्टी लावू नका. मालिका, क्रमांक आणि बारकोड वाचता येत असेल तर दावा दाखल करा. खरं-खोटं तपासून निर्णय कार्यालय घेतं. क्रमांकच गेला असेल तर आशा कमी. खाडाखोड केलेलं तिकीट मात्र सरळ बाद, शिवाय गुन्हा दाखल होण्याची भीती.

१४. तिकीट हरवलं, पण नंबर डायरीत लिहिलेला आहे.

डायरीवर पैसे मिळत नाहीत. चोरी झाली असेल तर लगेच पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घेऊन लॉटरी कार्यालयाला लेखी कळवा, म्हणजे दुसऱ्या कुणी ते तिकीट आणलं तर चौकशी होईल. मागे तुमची सही असेल तर बाजू भक्कम, नसेल तर भांडण कोर्टात.

१५. आम्ही चौघांनी मिळून तिकीट घेतलं. पैसे कसे वाटायचे?

सोडतीआधी साध्या कागदावर लिहून ठेवलं असेल तर निम्मं काम झालं. केरळच्या परप्पनंगडी नगरपालिकेत कचरा गोळा करणाऱ्या ११ बायकांनी २०२३ मध्ये वर्गणी काढून २५० रुपयांचं एक तिकीट घेतलं आणि १० कोटींचा मान्सून बंपर लागला. त्या एकमेकींवर उलटल्या नाहीत. प्रत्येक कट्ट्यावर तसं होतंच असं नाही.

निकालानंतर करायचं ते असं: चौघांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा आणि दावा कोण करणार, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून चौघांच्या सह्या घ्या आणि दाव्यासोबतच जोडा. एकाच्याच नावाने पैसे घेतले आणि मग वाटले, तर सगळं उत्पन्न आयकरात त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसतं आणि अधिभारही वरच्या टप्प्याचा लागू शकतो. आधीच हिस्से दाखवले तर कापलेल्या कराचं श्रेय चौघांत वाटून घेता येतं. इथे चार्टर्ड अकाउंटंटची फी वाचवू नका.

सख्ख्या भावाला, आईला, मुलीला नंतर खुशीने पैसे दिले तर त्यांना त्यावर कर नाही. मित्राला वर्षात ५० हजारांच्या वर दिले तर त्याला लागतो.

१६. एक जण म्हणतो, 'तिकीट मला दे, कर कापून मिळतात त्यापेक्षा जास्त रोख देतो.' देऊ का?

नाही. त्याला तुमचं बक्षीस नको असतं, त्याला स्वतःच्या काळ्या पैशाला पांढरा कागद हवा असतो. पुढे चौकशी आली की ती त्याच्याइतकीच तुमचीही होते. शिवाय २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात दंडाला पात्र आहे, आणि दंड रकमेइतकाच असतो.

१७. वडिलांनी तिकीट घेतलं आणि सोडतीनंतर ते वारले. किंवा तिकीट लहान मुलाच्या नावावर आहे.

वडिलांच्या बाबतीत वारसांना दावा करता येतो. मृत्यू दाखला आणि दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र लागू शकतं, आणि त्याला मुदतीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून मूळ तिकिटासह दावा मुदतीतच दाखल करा आणि 'वारस प्रमाणपत्र मागाहून देतो' असं लेखी द्या. मूल अज्ञान असेल तर पालकामार्फत दावा होतो. ते उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

१८. पैसे कोणत्या खात्यात घ्यावेत? माझं जनधन खातं आहे.

जनधन चालतं, पण केवायसी पूर्ण आहे का ते विचारा. अपुऱ्या केवायसीचं 'छोटं खातं' असेल तर त्यात ५० हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला १ लाखाच्या वर जमाही होत नाही.

ज्या बँकेचं पीककर्ज थकलंय तिथेच खातं असेल तर बँक थकबाकी त्या रकमेतून वळती करू शकते. लपवाछपवी करण्यापेक्षा शाखेत जाऊन एकरकमी तडजोडीबद्दल आधीच बोला. हातात पैसा आहे म्हटल्यावर व्याजात सूट मागायला जोर येतो.

आणि पतसंस्था, मल्टिस्टेट. बीडमध्ये, संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत ठेवीदारांचं काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलंय. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला ते नाही. लॉटरी लागल्याची बातमी फुटली की सगळ्यात आधी दारात येतो तो जादा व्याजवाला, मग जमीनवाला, मग लांबचा पाहुणा. केरळचा २०२२ चा २५ कोटींचा विजेता पैसे मागायला येणाऱ्यांना वैतागून घर सोडून नातेवाइकांकडे जाऊन राहिला. पुढे तिथल्या सरकारने विजेत्यांसाठी पैशाच्या नियोजनाचं प्रशिक्षणच सुरू केलं. नाव छापू नका, असं दावा देतानाच लेखी कळवता येतं. गावात मात्र ते तुमच्याच तोंडावर अवलंबून आहे.

१९. जत्रेतल्या लकी ड्रॉमध्ये ट्रॅक्टर लागला. तेही लॉटरीच का?

कराच्या दृष्टीने तसंच. वस्तूच्या किमतीवर ३० टक्के कर भरल्याशिवाय आयोजकाने ती ताब्यात द्यायची नसते. ६ लाखांच्या ट्रॅक्टरसाठी १ लाख ८० हजार कुणीतरी आधी भरायचे, आयोजकाने किंवा तुम्ही. तुम्ही भरत असाल तर तुमच्या पॅनवर चलन आणि त्याची पावती मागा. रोख घेऊन वहीत लिहून ठेवणाऱ्याला देऊ नका. राज्य सरकारच्या परवानगीशिवाय तिकिटं विकून अशी सोडत काढणं हा गुन्हा आहे, पण तो गावातल्या मंडळाला कोण सांगणार. भिशीचा यात संबंध नाही, तिथे तुमचेच पैसे पाळीने परत येतात.

२०. लॉटरी लागल्यावर पीएम किसान आणि लाडकी बहीण बंद होते का?

मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेला शेतकरी पीएम किसानला अपात्र ठरतो, आणि राज्याची नमो शेतकरी योजनाही त्याच यादीवर चालते. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कुणी आयकरदाता नको. मोठं बक्षीस लागलं की या दोन्ही अटी मोडतात. ५०-६० हजारांचं बक्षीस असेल तरी त्यावर कर कापलेला असतो, म्हणून पुढचा हप्ता येण्याआधी स्वतःहून विचारा. अपात्र असताना आलेले हप्ते नंतर वसूल केले जातात.